गाविलगडावर चर्च का नाही आणि चेन्नईच्या किल्ल्यात का आहे

ताई, तुमच्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इंग्रजांनी गाविलगड जिंकला, मग तिथं त्यांचं चर्च का नाही?" तुमचा भाऊ चेन्नईला नोकरीला आहे. त्यानं पाठवलेल्या फोटोत किल्ल्याच्या तटाच्या आत पांढरं चर्च दिसतं, आणि दिवाळीत तुम्ही तिकडे जाणार आहात. तिथं काय बघायचं आणि परत येऊन वर्गात काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं. मुलीचा प्रश्न फार नेमका आहे. तिला शाबासकी द्या.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीस वर्षं जुन्या इमारतींच्या डागडुजीत गेली. चुना, विटा, कमानी हेच माझं काम. म्हणून उत्तर मी भिंतीकडून सुरू करतो. मुलीला एका ओळीत सांगायचं तर असं: इंग्रज जिथं किल्ल्याच्या आत राहिले, तिथं त्यांचं चर्च किल्ल्यात झालं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या गाविलगडावर ते राहिलेच नाहीत.

आता चेन्नईपासून सुरुवात करू. 1639 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे यानं स्थानिक नायकाकडून समुद्रकाठची वाळूची पट्टी मिळवली आणि 1640 मध्ये तिथं किल्ल्याचं काम निघालं. तो फोर्ट सेंट जॉर्ज. आपल्याकडे किल्ला म्हटलं की डोंगर, तळं आणि दारूगोळ्याची कोठारं डोळ्यांसमोर येतात. हा किल्ला तसा नव्हता. तो तटबंदी घातलेली वखार होता. मालाची गोदामं, कारकुनांच्या खोल्या, साहेबाचं घर, शिपायांच्या बरॅका, सगळं त्या तटाच्या आत. पहिली चाळीसेक वर्षं त्यांच्याकडे चर्चची स्वतंत्र इमारत नव्हती. ज्या खोलीत जेवण व्हायचं, तिथंच प्रार्थना व्हायची.

जानेवारी 1678 मध्ये स्ट्रेनशॅम मास्टर मद्रासचा प्रमुख झाला आणि त्यानं चर्चसाठी किल्ल्यातल्या लोकांकडून वर्गणी काढली. कंपनीच्या तिजोरीकडे बघत बसला नाही. आपल्या गावात देवळाच्या सभामंडपासाठी पावतीपुस्तक घेऊन निघतात, तसंच समजा. 25 मार्च 1678 ला काम सुरू झालं. तो दिवस येशूची आई मरिया हिच्या सणाचा, म्हणून नाव पडलं सेंट मेरीज. 28 ऑक्टोबर 1680 ला ते विधिपूर्वक प्रार्थनेसाठी खुलं झालं. अडीच वर्षांत एवढं वीटकाम उभं करून त्यावर डाटेचं, म्हणजे कमानीसारखं गोलाकार विटांचं, छत चढवणं ही मोठी गोष्ट आहे. चुन्याच्या कामाला घाई चालत नाही, हे मी स्वतःच्या हातानं शिकलो आहे.

एक गोष्ट मुलांना आधीच स्पष्ट सांगा. इंटरनेटवर याला "भारतातलं सर्वांत जुनं चर्च" असं लिहिलेलं सापडतं. ते चूक आहे. केरळात ख्रिस्ती परंपरा इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. कोचीचं सेंट फ्रान्सिस चर्च पोर्तुगीजांच्या 1503 च्या वस्तीतून आलं. वास्को द गामा 1524 मध्ये वारला तेव्हा त्याला आधी तिथंच पुरलं होतं. आपल्या महाराष्ट्रातही वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या चर्चचे मोठे भग्नावशेष उभे आहेत. तो किल्ला चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये घेतला. सेंट मेरीजचा मान एवढाच, की भारतात आज उभ्या असलेल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्रजांच्या पंथाच्या, चर्चमध्ये ते सर्वांत जुनं आहे. आणि फोर्ट सेंट जॉर्जच्या आतही ते पहिलं नव्हतं. तिथं कॅप्युचिन या कॅथलिक संघातल्या फादर एफ्रेम नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं 1642 च्या सुमारास कॅथलिक चर्च उभारलं होतं. पुढे इंग्रज-फ्रेंच लढाया पेटल्या, तेव्हा कॅथलिकांनी फ्रेंचांना मदत केली असा संशय इंग्रजांनी धरला आणि ते चर्च पाडून टाकलं. तटाच्या आत कोणाची प्रार्थना चालायची, हेही लढाईच ठरवत होती.

आता छताकडे या. माझ्या मते सगळं उत्तर तिथं आहे.

मी पहिल्यांदा गेलो ते एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं. सोबत आमच्याकडचा एक म्हातारा मिस्त्री होता. उभा जन्म वऱ्हाडातल्या देवळांच्या आणि वाड्यांच्या डागडुजीत गेलेला. तो आत शिरला आणि वेदीकडे न बघता मान वर करून तसाच उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, याच्यात लाकूड नाई. सारं डाटेवर हाये." आपल्याकडच्या वाड्यात सागाचे वासे असतात, वर कवेलू किंवा मातीचं धाबं. इंग्रज आपल्या देशात चर्च बांधत, तेव्हा छताला लाकडाच्या कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, घालत. इथं दोन्हींपैकी काही नाही. विटांचे तीन लांबलचक अर्धगोल बोगदे शेजारी शेजारी ठेवावेत तसं हे छत आहे. मधला बोगदा बसायच्या जागेवर, दोन बाजूंचे दोन कडेच्या वाटांवर. छताची जाडी सुमारे 2 फूट, बाहेरच्या भिंती 4 फूट.

एवढं जड छत देवळासाठी कोणी करत नाही. ते तोफेच्या गोळ्यासाठी केलेलं आहे. आराखड्याचं श्रेय विल्यम डिक्सन या किल्ल्याच्या मुख्य गोलंदाजाला, म्हणजे तोफा डागणाऱ्यांच्या प्रमुखाला, दिलं जातं. गोळा कुठून येतो, वरून पडला तर कसा फुटतो, आग कशाला लागते, हे ज्याचं रोजचं काम, त्याच्या हातचं हे छत आहे. लाकूड नाही, म्हणजे जळायला काही नाही. चपटं छत नाही, म्हणजे वरून पडलेल्या वजनाचा दाब गोलाईवरून दोन्हीकडे ओघळून भिंतीत उतरतो.

मुलांना हे वर्गात करून दाखवता येतं. पत्त्याचं पान दोन पुस्तकांमध्ये कमानीसारखं वाकवून बसवा आणि वर खडू ठेवा. पान खडू पेलतं. पण पुस्तकं थोडी बाहेर सरकवली की कमान कोसळते. डाट भिंतींना सारखी बाहेर ढकलत असते. म्हणून बाहेरच्या भिंती 4 फूट जाड. आतल्या दोन रांगांवर मात्र मधल्या बोगद्याची ढकल आणि कडेच्या बोगद्याची ढकल एकमेकींना अडवतात, त्यामुळे तिथं जाड भिंत न घालता खांब आणि कमानींवर भागलं आणि माणसांना बसायला मोकळी जागा मिळाली. मिस्त्रीनं हे दोन मिनिटांत ओळखलं. कागदावर हिशेब मांडायला मला संध्याकाळ लागली.

एवढी भीती कशाची होती, हा पुढचा प्रश्न मुलं विचारतीलच. 1672 मध्ये फ्रेंचांनी मद्रासच्या अगदी शेजारचं सान थोमे घेतलं होतं आणि दोन वर्षांनी डचांनी त्यांना तिथून हुसकावलं. म्हणजे तोफांचे आवाज किल्ल्यात ऐकू येत होते. आणि 1677 च्या मे महिन्यात स्वतः शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या वाटेवर त्या भागात आले. महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडे माणूस पाठवून काही औषधी वस्तू आणि विषावरचे खडे मागवले. इंग्रजांनी ते पाठवले आणि किंमत घेतली नाही, नजराणा म्हणून दिले. नंतर महाराजांनी किल्ल्याच्या कामासाठी कारागीर मागितले, तेव्हा मात्र त्यांनी गोड बोलून टाळलं. ही घटना चर्चचा पाया पडायच्या जेमतेम वर्षभर आधीची. छत मराठ्यांच्या भीतीनं केलं असं मी म्हणणार नाही, त्यासाठी कागद हवा. पण त्या किनाऱ्यावर त्या दहा वर्षांत जो कोणी इमारत बांधायला बसला, त्याच्या मनात तोफ असणारच.

भीती खोटी नव्हती. 1746 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि तहानंतर 1749 मध्ये तो इंग्रजांना परत मिळाला. डिसेंबर 1758 ते फेब्रुवारी 1759 फ्रेंच सेनापती लाली यानं वेढा घालून किल्ला तोफांनी झोडपला. अशा वेढ्यांच्या काळात चर्चची बरॅक झाली, धान्याचं कोठार झालं. गोलंदाजानं बांधलेलं छत त्या कामाला उपयोगी पडलं. मनोरा मात्र मूळ इमारतीचा नाही. तो 1701 मध्ये जोडला, टोकाचा सुळका आणखी नंतरचा. फोटोत सगळ्यात आधी मनोराच डोळ्यांत भरतो, पण तुम्ही आधी छत बघा.

चर्चभोवतीच्या अंगणात पायाखाली थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. तिथं वेळ काढा. हे दगड मुळात इथले नाहीत. इंग्रजांचं जुनं कबरस्तान तटाबाहेर होतं, जिथं आता लॉ कॉलेजचं आवार आहे. तिथं उंच उंच थडगी होती. लालीच्या वेढ्यात फ्रेंच सैनिकांना त्यांचा आडोसा मिळाला. वेढा उठल्यावर इंग्रजांनी ती थडगी उतरवली आणि लेख असलेले दगड आणून चर्चभोवती अंथरले. पुढे हैदर अलीच्या स्वारीच्या भीतीनं तेच दगड उचलून तोफांखाली बैठक म्हणून घातले आणि नंतर परत आणून ठेवले. मी उकिडवा बसून त्यांच्यावरून हात फिरवला होता. काही ठिकाणी अक्षरं बोटाला स्पष्ट लागतात, काही ठिकाणी दगड खरवडलेला आणि कोपरे उडालेले. माणसाच्या नावावर तोफेचं ओझं येऊन गेलेलं आहे. त्यांत 1652 चा एलिझाबेथ बेकरचा दगड शोधा. ती मद्रासचा पहिला प्रेसिडेंट आरन बेकर याची बायको. भारतातला इंग्रजीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. लहान मुलांची थडगी मोजायला लागलात तर मन खट्टू होईल, पण तेही बघावं. एवढ्या जाड भिंतींना हिवताप आणि कॉलरा अडवता आला नाही.

नोंदवह्यांबद्दल दोन शब्द पुरेत, कारण गाईड तेवढंच सांगतात. चर्चमधलं पहिलं लग्न नोव्हेंबर 1680 मध्ये एलिहू येल याचं. अमेरिकेतलं येल विद्यापीठ त्याच्याच नावाचं. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्न इथंच 1753 मध्ये झालं. पुढे कलकत्त्याची वखार वसवणाऱ्या जॉब चार्नॉकच्या तीन मुलींचा बाप्तिस्मा 1689 मध्ये इथला. वेदीवरचं 'शेवटचं भोजन' हे चित्र 1761 मध्ये पाँडिचेरी पडल्यावर तिथून आणलं असं सांगतात.

आता गाविलगड. तुमच्या अंजनगावच्या नावानं तह आहे, त्यामुळे हा भाग तुम्हीच वर्गात जास्त चांगला सांगाल. पण चेन्नईच्या किल्ल्याशी त्याचा धागा कसा जुळतो ते बघा. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली काही काळ मद्रासला होता. फोर्ट सेंट जॉर्जमध्ये त्याच्या नावाची वेलस्ली हाउस नावाची इमारत आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला, तेव्हा त्याच्या हाताखाली मद्रासच्या फौजेतल्या देशी पलटणी होत्या. तोफांचा मारा सुरू होताच त्यातल्या काही पलटणी मागे पळाल्या आणि त्यानं स्वतः जाऊन त्यांना पुन्हा उभं केलं. तिथून तो गाविलगडाकडे वळला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं डोंगरातून वाट काढत जड तोफा ओढून गडाच्या उत्तर अंगाला नेल्या. 15 डिसेंबर 1803 ला बाहेरचा तट फुटला. आतला तट फुटला नव्हता. कॅप्टन कॅम्पबेल थोडी माणसं आणि शिड्या घेऊन मधल्या दरीतून वर चढला आणि त्यानं आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोन दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. 30 डिसेंबरला शिंद्यांशी तुमच्या सुर्जी-अंजनगावचा.

मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर या देवगावच्या तहात आहे. इंग्रजांनी वऱ्हाड भोसल्यांकडून काढून घेतलं, पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले त्यांच्याकडेच राहू दिले. 1822 मध्ये ते निजामाकडे गेले. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला आणि त्यानंतर पाचच वर्षांत, 1858 मध्ये, त्यांनी गाविलगडाची तटबंदी जागोजागी पाडली, जेणेकरून सत्तावनच्या उठावातल्या कोणा सरदाराला तिथं ठाण मांडता येऊ नये. म्हणजे 1803 मध्ये रक्त सांडून घेतलेल्या गडावर इंग्रज अधिकारी बायकामुलांसह राहिला, अशी पाच वर्षंही सलग सापडत नाहीत. जिथं बारसं नाही, लग्न नाही, रविवारची प्रार्थना नाही, तिथं चर्च कशाला उभं राहील?

ते राहिले ते पायथ्याला. अचलपूरजवळ त्यांची छावणी पडली आणि त्या छावणीचंच पुढे परतवाडा झालं. आपल्याकडची म्हातारी माणसं अजूनही त्या भागाला कॅम्प म्हणतात. चिखलदऱ्याची थंड जागा हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सननं 1823 मध्ये हेरली आणि साहेब लोक उन्हाळ्यात वर जाऊ लागले. नागपूरकडेही तेच झालं. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, मग टेकडीवर किल्ला बांधला, पण फौजेची मोठी छावणी 1821 मध्ये कामठीला नेली. ऑल सेंट्स चर्च 1851 चं, तेही सिव्हिल लाइन्समध्ये, किल्ल्यापासून वेगळं.

चेन्नईहून परतताना नागपूरला गाडी बदलावी लागली आणि हाती दोन तास असले, तर ऑल सेंट्स बाहेरून तरी बघून या. मोकळं आवार, झाडं, इंग्लंडातल्या गावाची आठवण देणारी ठेवण. 1680 आणि 1851 यांच्यामध्ये इंग्रजांची भीती कशी ओसरली, ते तुम्हाला दोन इमारतींच्या जागेवरूनच कळेल. पहिली तटाच्या आत गोलंदाजानं बांधली. दुसरीच्या वेळी तट लागलाच नाही, तोवर इथं त्यांचाच वरचष्मा होता.

एक सांगायचं राहिलं. सेंट मेरीजच्या भिंतीवर आत तळहात टेकवून बघा. उन्हाळ्यातही ती थंड आणि गुळगुळीत लागते. तो मद्रासचा प्रसिद्ध चुना. समुद्राच्या शिंपल्या भाजून केलेला. शेवटच्या थराला बारीक चाळलेला चुना गारगोटीनं घोटून घोटून आरशासारखा करत. आपल्याकडे शिंपल्या नाहीत, आपण चुनखडी भाजतो. पण चुन्याच्या घाण्यात मळणं, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी, विटांची सुरखी म्हणजे भुकटी, हे सगळं आपल्या गवंड्यांनाही ठाऊक होतं. बोटाच्या पेरानं गिलाव्यावर टकटक करा. घट्ट बसलेला असेल तर आवाज भरीव येतो, सुटलेला असेल तर डबा वाजवल्यासारखा. माझ्या कामाची सुरुवात आजही या टकटकीनं होते.

हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याच भागात एका जुन्या दरवाजाच्या डागडुजीत ठेकेदारानं माझ्या देखत सिमेंट भरलं. मी विरोध केला, पण कागदावर सही होऊन गेली होती. तीन पावसाळ्यांत त्या सिमेंटमागे पाणी अडलं आणि चारशे वर्षं टिकलेल्या दगडाच्या पापुद्र्या निघायला लागल्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. त्या दरवाजासमोर मी अजून उभा राहू शकत नाही. सेंट मेरीजचं छत साडेतीनशे वर्षांकडे चाललं आहे, यात डिक्सनचं जेवढं श्रेय, तेवढंच ज्या तेलुगू-तमिळ गवंड्यांनी तो चुना मळला त्यांचं. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत. वर्गात त्यांचाही उल्लेख करा.

जाताना सोबत ओळखपत्र ठेवा. किल्ल्यात राज्य सरकारचं सचिवालय आणि विधानसभा आहे, त्यामुळे फाटकावर तपासणी होते. आतमध्ये पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही आहे. चर्चमध्ये सकाळी जा, खिडक्यांतून येणारा तिरपा प्रकाश छताच्या गोलाईवर पडतो आणि तिन्ही डाटा वेगवेगळ्या ओळखू येतात. फोटो काढायला परवानगी असेल तर वेदीचा एक आणि छताचे चार काढा.

परत आल्यावर मुलांना गाविलगडावर घेऊन चला, मी येतो. पावसाळा सरून गवत वाळलं की वाटा मोकळ्या होतात, डिसेंबरचा पहिला शनिवार धरू. दिल्ली दरवाजाच्या कमानीखाली उभं राहून त्या मुलीलाच पेरानं टकटक करायला सांगू, आणि वर कोरलेलं गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, दाखवू. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या तेवढ्या सगळ्यांना आणायला सांगा.